तिरप्या अक्षराचे कारण लिहा, रूप नको

लाटेक, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पुस्तके-प्रबंध जुळवायची संगणक-प्रणाली, वापरणारी दोन माणसे एकत्र आली की एक वाद हमखास निघतो. शब्दावर भर द्यायचा तर 'एम्फ' (भर दे) ही आज्ञा वापरायची की 'टेक्स्टआयटी' (तिरपे कर)? एक पक्ष म्हणतो, एम्फच, कारण तीच शास्त्रशुद्ध. दुसरा विचारतो, पीडीएफमध्ये दोन्ही सारख्याच दिसतात, मग शास्त्र कशाचे? त्यावर पहिला आपले ठेवणीतले अस्त्र काढतो: मजकूर आधीच तिरपा असेल तर एम्फ तेवढा शब्द आपोआप सरळ करते. दुसरा म्हणतो, असा प्रसंग येतो तरी कितीदा? इथे वाद मिटत नाही, नुसता कंटाळून थांबतो. मला वाटते, दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडत आहेत. एकच रूप देणाऱ्या दोन आज्ञांपैकी सोवळी कोणती, हा मुद्दाच नाही. आपल्या मूळ फायलीत आपण काय नोंदवून ठेवतो, अक्षर तिरपे आहे हे, की ते तिरपे का आहे हे? माझे मत असे की कारण नोंदवावे, रूप नोंदवू नये. त्यासाठी एकटी एम्फ पुरत नाही. लेखकाने आपल्या लेखनापुरते चार-सहा अर्थवाही मॅक्रो, म्हणजे आपणच नाव दिलेल्या आज्ञा, स्वतः बांधावेत. आणि मराठीत लिहिणाऱ्याने तर हे इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या आधी करायला हवे.

या भांडणाचे मूळ टेकच्या, म्हणजे लाटेक जिच्यावर उभे आहे त्या प्रणालीच्या, जन्मातच आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७७ साली हे काम हाती घेतले ते आपल्याच ग्रंथमालेतल्या एका खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून जीव विटला म्हणून. त्यांच्या प्लेन टेकमध्ये आज्ञा होत्या त्या थेट रूपाच्या: आयटी म्हणजे तिरपे, बीएफ म्हणजे ठळक, एसएल म्हणजे कलते. लेखक, जुळारी आणि मुद्रितशोधक ही तिन्ही माणसे एकाच अंगरख्यात असतील तर एवढ्यावर भागते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी पुढे त्यावर लाटेक उभे केले आणि १९८६मध्ये त्याचे पुस्तक आले, तेव्हा त्यांच्यासमोर ब्रायन रीड यांची स्क्राइब ही प्रणाली होती. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या रीड यांच्या १९८०च्या प्रबंधाचा गाभाच हा होता की, ही वस्तू काय आहे एवढे लेखकाने सांगावे, ती कशी दिसावी हे दुसऱ्या कुणीतरी ठरवावे. म्हणून आज आपण मथळ्यासाठी नुसती 'सेक्शन' ही आज्ञा लिहितो. ठसा मोठा कर, ठळक कर, वर दीड ओळ मोकळी सोड, असे प्रत्येक मथळ्यापाशी कोणी लिहीत नाही, आणि लिहिलेच तर त्याला लाटेक येत नाही असे आपण बेधडक म्हणतो. मग मथळ्याच्या बाबतीत जे सर्वांना पटले, ते वाक्यातल्या एका शब्दापाशी येऊन का अडते? कारण साधे आहे. मथळ्याला लगेच मोबदला मिळतो. क्रमांक पडतो, अनुक्रमणिका तयार होते. शब्दाला मोबदला मिळतो तो वर्ष-दोन वर्षांनी, आणि तोवर लेखक ती फाईल विसरलेला असतो.

हा उशिराचा मोबदला कसा असतो, ते एका उदाहरणाने बघू. समजा मालवणी बोलीवरचा एक प्रबंध आहे, इंग्रजीत लिहिलेला, तीनशे पानांचा. त्यात तिरपे अक्षर कुठे कुठे येईल? नमुना म्हणून दिलेले प्रत्येक मालवणी रूप तिरपे, कारण भाषाविज्ञानात तसा प्रघात आहे. ग्रंथांची नावे तिरपी. नवी संज्ञा पहिल्यांदा आली की ती तिरपी. बोलीत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा मूळ अवतार तिरपा. झाडामाशांची शास्त्रीय नावे तिरपी. आणि या सगळ्यातून उरलेच तर, लेखकाला ज्या शब्दावर खरोखर भर द्यायचा आहे, तोही तिरपाच. सहा कारणे, एक रूप, आणि फाईलभर एकच टेक्स्टआयटी. आता प्रकाशक सांगतो: संज्ञा ठळक करा, पोर्तुगीज शब्द सरळ ठेवा, शास्त्रीय नावांना हात लावू नका. हे 'शोधा आणि बदला' करून होईल? यंत्राला दिसतात ते हजारभर टेक्स्टआयटी, एकसारखे एक. तीनशे पाने डोळ्यांखालून घालून, प्रत्येक ठिकाणी थांबून, हा शब्द तेव्हा आपण का तिरपा केला होता ते आठवण्यावाचून गत्यंतर नाही. ज्याने नमुन्यांना \रूप, संज्ञांना \पद, परक्या शब्दांना \परकी असे मॅक्रो दिले होते, त्याला प्रास्ताविकात, म्हणजे फायलीच्या आरंभीच्या व्याख्यांच्या भागात, दोन ओळी बदलायच्या आहेत. (झीलाटेक किंवा लुआलाटेक या युनिकोड जाणणाऱ्या लाटेकच्या आवृत्त्या वापरणाऱ्याला आज्ञेचे नाव देवनागरीत ठेवायला आडकाठी नाही, म्हणून मी ती इथे मराठीतच लिहितो आहे.) सहा धान्ये वेगवेगळ्या डब्यांत असली तर भाजणी कधीही दळता येते, दळलेल्या भाजणीतून पुन्हा ज्वारी निवडता येत नाही. अर्थाकडून रूपाकडे जाणे यंत्राचे काम आहे, रूपाकडून अर्थाकडे जाणे माणसाचे, आणि माणूस त्या वाटेवर चुका करतो. या वादातला सगळ्यात बळकट युक्तिवाद हा आहे, आणि दोन्ही पक्षांच्या तोंडी तो क्वचितच येतो.

कोणी म्हणेल, तिरपे म्हणजे भर हे वाचकाला कळतेच की. खरेच कळते का? तिरप्या अक्षराचा इतिहास तसे सांगत नाही. व्हेनिसमध्ये मुद्रक-प्रकाशक आल्दुस मानुशियस यांच्यासाठी फ्रान्चेस्को ग्रिफो यांनी हा ठसा कोरला आणि १५०१ साली व्हर्जिलचे आख्खे पुस्तक त्यात छापले गेले. आख्खे पुस्तकच तिरपे, तर भर कशावर? तिथे तिरपेपणाचा भराशी काडीचा संबंध नव्हता. ते हस्ताक्षराच्या वळणाचे आटोपशीर अक्षर होते, बस. त्याहून मासलेवाईक गोष्ट इंग्रजी बायबलची. १६११च्या किंग जेम्स आवृत्तीत, मूळ हिब्रू-ग्रीकमध्ये नसलेले पण इंग्रजी वाक्य पुरे करण्यासाठी भाषांतरकारांनी घातलेले शब्द वेगळ्या ठशात छापले होते, आणि पुढच्या आवृत्त्यांमध्ये ते तिरप्या ठशात आले. म्हणजे तिथे तिरपे अक्षर म्हणते, 'हा शब्द मुळात नाही, आमच्या पदरचा आहे'. आजचा वाचक ते पान उघडतो आणि नेमक्या त्याच शब्दांवर जोर देऊन वाचतो. ग्रंथातला सर्वांत हलका शब्द त्याला सर्वांत जड वाटतो. जर्मन लोकांची वेगळीच तऱ्हा. त्यांच्या फ्राक्टुर ठशाला तिरपे भावंड नव्हते, म्हणून ते भर द्यायच्या शब्दातली अक्षरे विरळ करत. जपानी मजकुरात प्रत्येक अक्षराशेजारी ठिपका देण्याची पद्धत आहे. भर ही गोष्ट सगळीकडे आहे, तिचे रूप मात्र मुलूख बदलला की बदलते. जे रूप इतके चंचल आहे, तेच फाईलीत कोरून ठेवायचे?

आणि आता आपल्याकडे येऊ. देवनागरीला परंपरेने तिरपा ठसा नाही. वर्ड किंवा तत्सम प्रणालीत 'आय'चे बटण दाबले की जे येते ते बहुधा इटॅलिक नव्हे, सरळ अक्षर यंत्राने ढकलून कलते केलेले असते. लॅटिन इटॅलिकमध्ये अक्षरांची घडणच निराळी असते. कनूथ यांच्या कॉम्प्युटर मॉडर्नमध्ये 'इटॅलिक' आणि 'स्लँटेड' हे दोन वेगळे फाँट आहेत ते उगाच नाहीत. देवनागरी ढकलली की काय होते ते नीट पाहावे. शिरोरेषा आडवी, ती आडवीच राहते. काने मात्र उजवीकडे कलतात. शिरोरेषेच्या वरचा रफार आणि मात्रा मूळ जागेपासून उजवीकडे सरकतात, खालचे उकार डावीकडे घसरतात. शब्द चालत नाही, लंगडतो. लाटेकमध्ये फाँटस्पेक या फाँट निवडण्याच्या पॅकेजात (जोडसंचात) ही सोय आहे, आणि तिचे नावच प्रामाणिकपणे 'ऑटोफेकस्लँट', म्हणजे आपोआप दिलेला खोटा कल, असे ठेवले आहे. ती सोय न वापरता, आयआयटी मुंबईचा शोभिका हा देवनागरी फाँट घेऊन कोणी सरळ एम्फ लिहिले तर आणखी मोठी गंमत होते. शोभिकेला साधे आणि ठळक अशी दोनच रूपे आहेत. लाटेक तिरपे रूप शोधते, ते सापडत नाही, आणि मग शांतपणे सरळ अक्षर छापते. दस्तऐवज तयार होतो, चूक म्हणून काही अडत नाही. लॉग फाईलीत, म्हणजे प्रणाली आपल्या कामाची नोंद ठेवते त्या फाईलीत, तेवढी एक ओळ राहते की अमुक फाँटचे तिरपे रूप उपलब्ध नव्हते, साधे वापरले. लॉग वाचतो कोण? लेखकाने ज्या शब्दावर भर दिला, तो भर कागदावर पोचलाच नाही, आणि हे त्याला कोणी सांगितलेही नाही.

ज्याने भरासाठी \भर लिहिले होते त्याला उपाय एका ओळीचा आहे: \भर म्हणजे ठळक. एम्फ लिहिणाऱ्यालाही एम्फची व्याख्या बदलता येते, लाटेकमध्ये त्यासाठी तयार आज्ञा आहे. पण त्याने ग्रंथनामेही एम्फमध्येच घातली असतील तर? मराठीत ग्रंथाचे नाव एकेरी अवतरणात देण्याची पद्धत आहे. आता ती सगळी नावे ठळक होऊन पानभर डोळ्यांत खुपू लागतात. एकटी एम्फ पुरत नाही असे मी म्हणालो ते यासाठी. ती टेक्स्टआयटीपेक्षा एक पायरी वर आहे खरी, पण 'भर' या एका नावाखाली भर नसलेल्या पाच गोष्टी भरल्या की तीही तितकीच मुकी होते.

इथे एक आक्षेप मराठीपुरता आहे आणि तो मला मनापासून आवडतो. मराठीला छापील भराची गरजच काय? 'मीच गेलो' आणि 'मी गेलोच' यांतला फरक आपण एका 'च'ने दाखवतो. शब्दांचा क्रम हलवला की भर हलतो. इंग्रजीला जे काम ठशाकडून करून घ्यावे लागते, ते मराठी व्याकरणातून उरकते. हे बरोबर आहे, आणि मराठीत ठळक शब्दांची पेरणी करणाऱ्या बऱ्याच लेखकांनी आधी आपले वाक्य नीट केले तर निम्मी पेरणी आपोआप जाईल. पण या आक्षेपाने बाद होतो तो सहापैकी एकच मॅक्रो, भराचा. संज्ञा, ग्रंथनाम, परका शब्द, नमुन्याचे रूप यांना 'च' लावून काम होत नाही. जुन्या पोथ्यांचे लेखकू काळ्या शाईत लिहिता लिहिता मध्येच हिंगुळाच्या तांबड्या शाईत 'उवाच' लिहीत, ते त्या शब्दावर जोर द्यायचा म्हणून नव्हे. बोलणारा बदलला, हे वाचणाऱ्याच्या नजरेला सापडावे म्हणून. वेगळेपण आणि भर या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे त्या लेखकूला ठाऊक होते. आपल्याला 'आय'च्या बटणाने ते विसरायला लावले.

रूप साठवण्याची किंमत काय असते, हे खरे तर मराठी माणसाइतके कोणाला कळायला नको. युनिकोडच्या आधीच्या फाँटांमध्ये आपण काय साठवत होतो? अक्षरे नाही, अक्षरांचे तुकडे. 'कि' लिहायचे तर आधी पहिली वेलांटी, मग 'क', कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. अर्धी अक्षरे, काने, रफार, सगळे दिसण्याच्या क्रमाने. छपाई सुरेख व्हायची. पण फाँट बदलला की त्याच फाईलीत चिन्हांचा कचरा दिसायचा, शोध चालत नव्हता, अकारविल्हे लावता येत नव्हती, आणि एका फाँटातले दुसऱ्यात नेण्यासाठी परिवर्तक लिहावे लागत, तेही पोटफोड्या 'ष'पाशी किंवा रफारापाशी हटकून अडखळत. युनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, आणि इस्की या आधीच्या भारतीय संकेतप्रणालीच्या धर्तीवर तिने ठरवले की आधी 'क', मग वेलांटी. डोळ्यांना काहीही दिसो, साठवायचे ते उच्चाराच्या क्रमाने. वेलांटी डावीकडे नेणे हे फाँटचे काम. टेकच्या जगात फ्रान्स वेल्थुइस यांच्या देवनागरीची धाटणीही, त्याच १९९१ सालापासून, अशीच आहे: रोमनमध्ये उच्चार लिहा, आकार यंत्र जुळवेल. आज कोणी मराठी लेखक म्हणेल का, की छापल्यावर सारखेच दिसते, तर जुन्या फाँटात लिहिले म्हणून काय बिघडले? तो वाद आपण अक्षरांपुरता कधीच निकालात काढला. मग तोच युक्तिवाद, 'दिसते सारखेच', शब्दांच्या बाबतीत आपण पुन्हा कसा काय ऐकून घेतो?

आता विरोधी बाजूचे जे खरोखर वजनदार आहे त्याकडे. अर्थवाही खुणांचा अतिरेक झाला की काय होते, याचा धडा वेबने दिलेला आहे. एक काळ असा होता की वेबपानांच्या एचटीएमएल या भाषेत 'आय' (तिरपे) हा टॅग, म्हणजे खूण, जुनाट, 'ईएम' (भर) हा सुधारलेला, असे जो तो सांगत सुटला. मग संपादन-प्रणालींनी काय केले? बटण 'आय'चेच ठेवले आणि त्यामागे गुपचूप ईएम लिहायला सुरुवात केली. जहाजांची नावे, जीवजातींची लॅटिन नावे, परभाषेतले वाक्प्रचार, सगळ्यांवर एकजात 'भर' पडला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. शेवटी एचटीएमएल ५ने, २०१४च्या शिफारशीत, आयला पुन्हा मानाची जागा दिली: वेगळ्या सुरातला मजकूर, संज्ञा, परकी पदे यांच्यासाठी. म्हणजे खोटा अर्थ लिहिण्यापेक्षा नुसते रूप लिहिणे बरे, असे ज्यांचे म्हणणे होते ते बरोबर ठरले. मी हे पूर्ण मान्य करतो. टेक्स्टआयटीला 'तिरपे' असे मराठी नाव देऊन ज्याला अर्थवाही मॅक्रो केल्याचे समाधान मिळते, किंवा जो \महत्त्वाचे आणि \अतिमहत्त्वाचे असे दोन मॅक्रो बांधून तिसऱ्याच्या शोधात असतो, त्याने काहीच मिळवलेले नाही. पहिल्याने रूपाला टोपणनाव दिले, दुसऱ्याने आपल्या उत्साहाचे तापमान मोजले.

पण वेबच्या फसवणुकीतून निष्कर्ष काय निघतो? अर्थ नोंदवू नये असा नाही. जो अर्थ लिहिणाऱ्याला ठाऊक नाही तो यंत्राने परस्पर नोंदवू नये, एवढाच. जुन्या ग्रंथांच्या डिजिटल आवृत्त्या करणाऱ्यांनी हा भेद फार नेमका केला आहे. त्यांच्यासाठी १९८७ साली सुरू झालेल्या टीईआय या संकेतप्रणालीत भरासाठी वेगळी खूण आहे, परक्या शब्दासाठी वेगळी, संज्ञेसाठी, शीर्षकासाठी, उल्लेख म्हणून आलेल्या शब्दासाठी वेगळी. आणि यांतले काहीच ठरवता येत नसेल तर 'एचआय' नावाची एक प्रांजळ खूण आहे. तिचा अर्थ, हे वेगळ्या ठशात आहे, का ते आम्ही सांगत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मुद्रकाने एक शब्द तिरपा का जुळवला हे आजच्या संपादकाला न कळणे साहजिक आहे. तिथे टेक्स्टआयटी हीच योग्य आज्ञा, कारण ती तेवढेच सांगते जेवढे माहीत आहे. पण स्वतःच्या प्रबंधात, आत्ता या क्षणी लिहीत असलेल्या वाक्यात, हा शब्द मी वेगळा का करतो आहे हे लेखकाला माहीत नसेल, तर अडचण आज्ञेची आहे की लेखनाची? मॅक्रोचे नाव निवडायला थांबलेला लेखक बरेचदा असे पाहतो की त्याच्याकडे कारणच नाही; शब्द त्याला महत्त्वाचा वाटला, एवढेच. मग तो शब्द सरळ ठेवतो. माझ्या मते टंकजुळणीच्या सगळ्या सोयींपेक्षा हा फायदा मोठा आहे.

दुसरा मोठा आक्षेप व्यवहाराचा. सहलेखकाला तुमचे मॅक्रो कळत नाहीत. काही नियतकालिके लेखकांना स्वतःच्या आज्ञा बांधू नका असे बजावतात. आणि एवढे करून प्रकाशक तुमच्या लाटेकचे एक्सएमएल करतो ते बहुधा जॅट्स या नियतकालिकांतल्या लेखांसाठीच्या प्रमाणाप्रमाणे, ज्यात 'इटॅलिक' आणि 'बोल्ड' असे धडधडीत रूपाचे टॅग आहेत. म्हणजे तुम्ही जपलेला अर्थ पुढच्याच टप्प्यावर गळून पडणार. मग आटापिटा कशाला? सहलेखकाचे म्हणणे रास्त आहे. एका अक्षराची आद्याक्षरी नावे ठेवणाऱ्याने कोणाकडूनही सहानुभूतीची अपेक्षा करू नये. पण \पद, \ग्रंथ, \परकी हे प्रास्ताविकात एकत्र, शेजारी एकेक ओळ टीप देऊन लिहिले तर कोणत्या सहलेखकाला कळणार नाहीत? नियतकालिकाला मॅक्रो नको असतील तर पाठवण्यापूर्वी ते उलगडून देणाऱ्या छोट्या प्रणाली आहेत. उलगडणे यांत्रिक आहे, हे मी वर म्हटलेच. राहिला जॅट्स. त्यात रूपाचे टॅग ठेवावे लागले ते का? हजारो लेखकांकडून येणाऱ्या हस्तलिखितांत तिरप्या अक्षराचे कारण लिहिलेलेच नसते, आणि चेन्नई-पुदुच्चेरी-तिरुवनंतपुरमच्या टंकजुळणी कचेऱ्यांत बसलेल्या माणसाने ते अंदाजाने ठरवावे अशी अपेक्षा करता येत नाही. लेखकांच्या आळसाचा परिणाम आळसाचे समर्थन म्हणून पुढे करणे काही पटत नाही. शिवाय मूळ फाईल लेखकाकडे राहते. तोच प्रबंध उद्या पुस्तक होतो, परवा त्यातले प्रकरण मराठीत येते, आणि दर वेळी सुरुवात होते ती प्रकाशकाच्या एक्सएमएलपासून नव्हे, त्याच फाईलीपासून.

एक तांत्रिक खाचखळगा मात्र अर्थवाही मॅक्रोंचे पुरस्कर्तेही लपवतात. मॅक्रोचे नाव अर्थाचे ठेवले म्हणून त्याच्या पोटातली आज्ञा हुशार होत नाही. गणिताच्या लेखनात प्रमेये मांडण्यासाठीच्या एएमएसथीएम पॅकेजच्या 'प्लेन' शैलीत प्रमेयाचा सगळा मजकूर तिरपा येतो. \पद म्हणजे टेक्स्टआयटी अशी व्याख्या केली असेल तर प्रमेयात आलेली नवी संज्ञा तिरप्या गर्दीत दिसेनाशी होते. \पदच्या पोटात एम्फ घातली असेल तर ती सरळ होऊन उठून दिसते. म्हणजे सुरुवातीच्या वादातला एम्फवाल्यांचा मुद्दा खरा होता, फक्त त्याची जागा चुकली होती. तो मजकुरातला प्रश्न नाही, मॅक्रोच्या व्याख्येतला आहे, आणि तिथे तो एकदाच सोडवायचा असतो. परक्या शब्दांचे तर याहून महत्त्वाचे. मराठी मजकुरात रोमन लिपीतला इंग्रजी शब्द आला की फाँट बदलावा लागतो, आणि ओळीच्या शेवटी तो तोडायचा झाला तर इंग्रजी नियमांनी तोडावा लागतो. \परकी या मॅक्रोच्या पोटात पॉलिग्लॉसिया या बहुभाषी लेखनाच्या पॅकेजची भाषा बदलणारी आज्ञा घातली की दोन्ही कामे होतात. नुसत्या तिरपेपणाला शब्दाची भाषा कोणती हे कुठून कळणार?

अंध वाचकांचा दाखला या वादात हल्ली फार सहज दिला जातो: अर्थवाही खुणा केल्या की पडद्यावरचे वाचून दाखवणारी प्रणाली भर देऊन वाचेल. इथे जरा हात आखडता घ्यावा. अशा प्रणाली सहसा एखादा शब्द भराचा आहे हे मुद्दाम सांगत बसत नाहीत, आणि प्रत्येक तिरप्या शब्दाशी थांबल्या तर ऐकणारा वैतागेल. पण पीडीएफच्या २०१७च्या २.० या प्रमाणात 'ईएम' आणि 'स्ट्राँग' असे स्वतंत्र घटक आले आहेत, आणि लाटेकचे विकसक खुणांकित पीडीएफवर गेली काही वर्षे नेटाने काम करत आहेत. मजकूर कोणत्या भाषेतला, हे तर वाचन-प्रणालीला कळावेच लागते, नाहीतर ती मराठीतला इंग्रजी शब्द विचित्रच उच्चारते. म्हणून या मुद्द्यावर मी भराचा नव्हे, \परकीचा आग्रह धरीन.

लिहिण्याची तंद्री मोडते, हा शेवटचा आक्षेप. विचार धावत असताना हा शब्द संज्ञा की नमुना, याचा न्यायनिवाडा कोण करत बसणार? कोणीच नको करायला. पहिल्या खर्ड्यात खुशाल टेक्स्टआयटी लिहावे, ते 'इथे पुन्हा बघ' एवढे सांगत राहील. दुसऱ्या हाताला प्रत्येकाचा निकाल लावावा. जो टेक्स्टआयटी दुसऱ्या हातानंतरही फाईलीत उरला, त्याच्याकडे संशयाने पाहावे.

आता एक मागणी, आणि ती विद्यापीठांकडे. प्रबंधाच्या नियमावलीत समास किती, ओळींतले अंतर किती, ठशाचा आकार किती हे बारकाईने लिहिलेले असते. पण मराठी प्रबंधात ग्रंथनाम कसे द्यावे, संज्ञा कशी दाखवावी, रोमन शब्दाचे काय करावे, याबद्दल मार्गदर्शक बदलला की उत्तर बदलते, आणि विद्यार्थी हाताने दुरुस्त करत बसतो. लाटेकचा साचा देणाऱ्या विभागांनी त्यात \भर, \पद, \ग्रंथ, \परकी आणि \रूप हे पाच मॅक्रो व्याख्येसह देऊन ठेवावेत. जीवशास्त्राच्या विभागाने जीवजातीसाठी सहावा घालावा, भौतिकशास्त्राने सदिशासाठी. कोणी बाण काढतो, कोणी ठळक अक्षर, ते त्यांचे त्यांनी बघावे. ग्रंथनाम एकेरी अवतरणात की ठळक ठशात, यावर मग विभागाच्या बैठकीत हवे तितके भांडावे. निर्णय वर्षभराने फिरला, तरी ज्यांची प्रकरणे तोवर लिहून झाली असतील त्यांना साच्याची नवी फाईल जुन्याच्या जागी ठेवून एकदा लाटेक चालवावे लागेल, इतकेच.